गणेशपुरीच्या वाटेवर

भाईंदरहून गणेशपुरीस जावयाचें तर मीरा रोडच्या दाट वस्तींतून काशीमिऱ्यास यावें, घोडबंदरचा जुना किल्ला मागें टाकून पुलावरून वसईची खाडी ओलांडावी, आणि शिरसाड फाट्यावर उजवीकडे वळावें. पुढें वज्रेश्वरीचें देऊळ लागतें. १७३९ सालीं वसई सर झाल्यावर चिमाजीअप्पांचा नवस फेडण्यासाठीं तें बांधलें, असें सांगतात. तेथून गणेशपुरी अगदीं जवळ.

आमच्यासमवेत शेजारचे एक वृद्ध स्नेही होते. तीस वर्षें नेमानें रामनाम घेणाऱ्या या गृहस्थांस कोणी एका उपदेशकानें सांगितलें होतें कीं, विधिपूर्वक दीक्षा नसेल तर जप निष्फळ होय. तेव्हांपासून त्यांची माळ खुंटीवर होती. वाटेंत त्यांनीं एकच प्रश्न विचारला, "मास्तर, माझीं तीस वर्षें पाण्यांत गेलीं काय?"

गणेशपुरींत भीमेश्वराच्या देवळापाशीं उष्णोदकाचीं कुंडें आहेत. त्यांच्या परिसरांत १९३६ च्या सुमारास नित्यानंदस्वामी येऊन राहिले व १९६१ सालीं येथेंच समाधिस्थ झाले. भक्त त्यांस जन्मसिद्ध अवधूत मानतात. समाधिमंदिरापासून थोड्याच अंतरावर त्यांचे शिष्य मुक्तानंद यांचा आश्रम आहे. आणि मुक्तानंदांची शिकवण तर गुरूवांचून गति नाहीं, अशी! एकाच गांवांत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू अशा शेजारीं नांदतात.

परंतु मुक्तानंदांचें चरित्रही नीट पाहिलें पाहिजे. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं नित्यानंदांनीं त्यांस पादुका दिल्या. तीच आपली दीक्षा, असें ते मानीत. त्यापूर्वीं त्यांनीं कित्येक वर्षें भ्रमण व साधना केली होती, आणि त्यानंतरही नऊ वर्षें कठोर साधना केली. दीक्षेनें पूर्वीचे श्रम रद्द झाले नाहींत, पुढचे चुकलेही नाहींत.

छांदोग्य उपनिषदांतील सत्यकामाची कथा वाचकांस ठाऊक असेलच. गुरूनें चारशें कृश गाई देऊन त्यास रानांत धाडिलें. तेथें त्यास वृषभानें, अग्नीनें, हंसानें व एका पाणपक्ष्यानें ब्रह्मोपदेश केला. परत आल्यावर त्याच्या मुखावरील तेज गुरूंसही दिसलें. तरीसुद्धां त्यानें गुरूंपाशींच ज्ञान मागितलें. रानांतल्या उपदेशास गुरूंनीं खोटें म्हटलें नाहीं. शिष्यानेंही तेवढ्यावर आपणांस पूर्ण समजलें नाहीं. तुकोबांस तर उपदेश स्वप्नांत झाला. त्यांचा अधिकार त्यामुळें कोणीं उणा मानिला?

आम्हांस वाटतें, गुरु हवाच. कारण आपलें पाठांतर आपल्या कानास नेहमीं शुद्धच वाटतें, चूक धरावयास दुसऱ्याचा कान लागतो. मात्र त्या कानाची पारखही शास्त्रानें सांगितली आहे. मुंडकोपनिषदांत गुरूचीं लक्षणें दोनच दिलीं आहेत: तो श्रोत्रिय असावा आणि ब्रह्मनिष्ठ असावा. एका वाक्यानें कोणाच्या तीस वर्षांच्या भक्तीवर पाणी ओतणाऱ्यास प्रथम या कसोटीस लावावें.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, नाम घेण्यास कोणाचा परवाना लागत नाहीं. गुरु भेटेल तेव्हां भेटो. तोंवर माळ खुंटीवर ठेवण्याचें कारण नाहीं.