कड्याची उजवी बाजू

ओपनस्ट्रीटमॅप हा कुणीही भर घालू शकेल असा नकाशा. त्यात कडा काढायचा नियम असा: रेषेच्या दिशेने चालत निघालात तर डाव्या हाताला माथा, उजव्या हाताला दरी. वेगळं काही लिहावं लागत नाही. रेष कुठून सुरू केली, यातच सगळं आलं.

मी पुण्यात बसून, रात्री दोन वाजता, सॅटेलाइट फोटोवरून घाटमाथ्याचा एक कडा काढला. दक्षिणेकडून उत्तरेकडे. का, तर माऊस तिथे होता म्हणून! वरून काढलेल्या फोटोत खोली दिसत नाही, फार तर सावली दिसते. माझ्या नकाशात कोकण वर गेलं आणि घाट खाली.

दोन वर्षांनी पावसाळ्यात त्याच कड्यावर गेलो. धुक्यात पुढचा मित्र दिसेना. मोबाइलवर माझीच रेष होती, तिचे दात पठाराकडे वळलेले. मी उलट्या बाजूला निघालो.

"दादा, थांबा," वाटाडे काका म्हणाले. "वारा कुठनं येतोय बघा. दरी तिकडंच हाय."

वारा समोरून, खालून येत होता.

घरी येऊन रेष निवडली, 'व्ही' दाबलं. दिशा उलटली. बदलाच्या टिपेत लिहिलं: कडा उलटा होता, चूक माझीच.