शरीर शिकताना भेटलेली मराठी

‘ऊती’ हा शब्द उच्चारायला लहान आहे, परंतु त्याच्या पोटात एक अख्खा व्यवसाय दडलेला आहे. संस्कृतात ‘वे’ या धातूचा अर्थ विणणे; त्यापासून ‘ऊत’ म्हणजे विणलेले. इंग्रजीतील ‘टिश्यू’ हा शब्दही फ्रेंच भाषेतील विणलेल्या कापडाच्या नावावरूनच आला आहे. झाविये बिशा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाची मदत न घेता मानवी शरीरातील अशी २१ ‘वस्त्रे’ ओळखली आणि १८०१ साली ती ग्रंथातून मांडली. आज त्यांचे वर्गीकरण चार मुख्य प्रकारांत होते: अभिस्तर ऊती, संयोजी ऊती, स्नायू ऊती आणि चेता ऊती. बेळगावच्या वडगाव, खासबाग, शहापूर या भागांत ज्यांचे बालपण मागाच्या खटखटाटात गेले, त्यांना ताणा आणि बाणा समजावून सांगावा लागत नाही. शरीर हे विणलेले आहे, ही कल्पना आमच्यातील काही जणींना घरातूनच मिळालेली होती. शिकताना मात्र तो धागा आम्हांला कोणी दाखवून दिला नाही. तो आम्हीच पुढे शोधून काढला.

आम्ही म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी शाळांतून दहावीपर्यंत शिकून पुढे परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला आलेल्या मुली. घरात मराठी, बाजारात मराठी आणि कन्नड, सरकारी कागदावर कन्नड, आणि परिचर्या महाविद्यालयात पाऊल ठेवताच सर्वत्र इंग्रजी, असा आमचा भाषिक प्रवास. पहिल्याच वर्षी शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय असतात. वर्गात सांगाडा टांगलेला असे आणि प्रौढ माणसाच्या २०६ हाडांची इंग्रजी व लॅटिन नावे पाठ करण्यात आमच्या रात्री जात. ही तक्रार नव्हे. जगभर जी परिभाषा चालते ती येणे परिचारिकेला आवश्यकच आहे. औषधाची चिठ्ठी, तपासणीचा अहवाल आणि बदलीवर येणाऱ्या सहकारी परिचारिकेला द्यावयाची माहिती यांत एका शब्दाची चूक रुग्णाला महागात पडते. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या भाषेत रुग्ण बोलतो ती भाषा आणि ज्या भाषेत आम्ही शिकतो ती भाषा, यांच्यामधील पूल कोणी बांधायचा?

अभ्यास करताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. शरीरासाठी मराठीत शब्दांचे तीन थर आहेत. हाताला लागते त्याला आपल्याजवळ अस्सल देशी नाव आहे: बरगडी, खुबा, नडगी, पोटरी, घोटा, मनगट, कोपर, टाच, माकडहाड. कातडीच्या आत जे दडले आहे त्याला बहुधा संस्कृतातून घेतलेले किंवा घडवलेले नाव आहे: यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड, जठर. आणि जे केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते त्याचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना इंग्रजीतच ठाऊक असते. जसजसे आत जावे तसतशी मायबोली मागे राहते. याला एक सन्माननीय अपवाद आहे, तो म्हणजे मटणाचे दुकान. गुर्दा, भेजा, वजडी, नळी हे शब्द तिथे रोज वापरात असतात. आमच्यापैकी जिच्या घरी खाटीकखाना होता, तिला अवयवांची जागा सांगताना कधी अडखळावे लागले नाही.

त्याच दुकानाने आम्हांला एका शब्दाकडे नव्याने पाहायला लावले. ‘काळीज’ म्हटले की मराठी मनाला हृदय आठवते. काळीज तुटते, काळजाचा ठोका चुकतो. पण दुकानात काळीज मागितले तर हातात पडते ते यकृत, आणि मुळाकडे पाहिले तर खाटकाचेच बरोबर आहे, कारण संस्कृतात ‘कालखंड’ हा यकृताचाच पर्याय आहे. आता एखादी वृद्ध स्त्री ‘काळजात कळ येते’ असे म्हणाली, तर परिचारिकेने हात कोठे ठेवावा? उत्तर शब्दकोशात नाही. तिलाच बोट ठेवून जागा दाखवायला सांगावे लागते.

अशा फसव्या शब्दांची यादी आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर करू लागलो. मराठीत ‘पेशी’ म्हणजे शरीराचा सर्वांत लहान जिवंत घटक. हिंदीत त्याला ‘कोशिका’ म्हणतात आणि ‘पेशी’ हा शब्द मांसपेशीसाठी राखलेला असतो. मराठीत ‘स्नायू’ म्हणजे आकुंचन पावणारे मांस, कन्नडमध्येही तसेच. हिंदीत मात्र ‘स्नायु’ म्हणजे मज्जातंतू. इंदूर आणि ग्वाल्हेर येथील मराठी घरांतील मुलांना घरचा स्नायू आणि शाळेचा स्नायू वेगळा भेटत असणार, हे उघड आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी ५००, स्नायू ९०० आणि अस्थी ३०० अशी गणना आहे. तेथे पेशी म्हणजे मांसाचे पुंजके आणि स्नायू म्हणजे सांधे व अवयव बांधून ठेवणारे दोर. अस्थींच्या संख्येत दात आणि तरुणास्थी, म्हणजे आजची कूर्चा, धरल्यामुळे ती २०६ च्या पुढे गेली आहे. म्हणजे एकाच संस्कृत शब्दाचे बोट धरून तीन भाषा तीन वेगळ्या अवयवांपाशी जाऊन थांबल्या.

‘मज्जा’ या शब्दाने तर आमचा आणखी गोंधळ केला. हाडाच्या पोकळीत असते ती अस्थिमज्जा, जिथे रक्तपेशी तयार होतात. आणि मज्जासंस्था म्हणजे मेंदू, मेरुरज्जू आणि त्यांतून निघणारे तंतू. एक शब्द, दोन अवयव. ‘धमनी’चेही तेच. मराठी विज्ञानात ती हृदयाकडून रक्त बाहेर नेणारी वाहिनी. जुन्या मराठी पुस्तकांत तिला रोहिणी आणि परत आणणारीला नीला म्हणत. कन्नडमध्ये पहिली ‘अपधमनी’ आणि दुसरी ‘अभिधमनी’. दोन्ही नावांत धमनी असल्यामुळे उपसर्गाकडे दुर्लक्ष झाले, तर वाहिनीच बदलते. सामान्य माणूस मात्र या सर्व भानगडीतून मुक्त आहे. त्याला मराठीत ‘नस’ आणि कन्नडमध्ये ‘नर’ हा एकच शब्द पुरतो. सलाईन लावताना सापडत नाही तीही नस आणि कमरेत दबते तीही नस.

ऊतींचा अभ्यास काचपट्ट्यांवर सुरू झाला. जांभळ्या रंगाची केंद्रके आणि गुलाबी पेशीद्रव्य एवढेच आधी दिसे. हळूहळू नजर तयार झाली. अभिस्तर ऊतीत पेशी एकमेकींना खेटून बसतात आणि त्यांच्यात रक्तवाहिनी नसते. त्यांचे पोषण खालच्या संयोजी ऊतीतून झिरपून येते. संयोजी ऊतीत पेशी विरळ आणि त्यांच्यामधील तंतूंचे जाळे दाट. हे वाक्य वर्गात पाठ केले होते. त्याचा अर्थ कळला तो अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या कक्षात. माकडहाडाच्या वर, टाचेवर, खुब्यावर हाड आणि गादी यांच्यामध्ये ऊती चेपल्या जातात, बारीक रक्तवाहिन्या मिटतात, खालचा पुरवठा थांबला की वरचे आवरणही मरते आणि जखम उघडते. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम त्या काचपट्टीवरच लिहिलेला होता. सुईचेही तसेच. त्वचेच्या थरातच औषध सोडायचे तर सुई जवळजवळ आडवी, १० ते १५ अंशांत. चरबीच्या थरात सोडायचे तर सहसा ४५ अंशांत. स्नायूत सोडायचे तर सरळ ९० अंशांत. तीन कोन म्हणजे तीन ऊती, आणि त्यांतील फरक पुस्तकाआधी बोटांना कळतो.

आणि इथेच मराठी आमच्या मदतीला धावून आली. वेदनेसाठी आपल्या भाषेत किती शब्द आहेत, हे आम्ही कधी मोजले नव्हते. रुग्णांच्या तोंडून ते ऐकताना जाणवले, की हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. त्यांची विभागणी जवळजवळ ऊतींनुसार झालेली आहे. त्वचेची किंवा आतल्या अस्तराची ‘आग’ होते, ते ‘चुरचुरते’, ‘जळजळते’. पोटरीत ‘पेटका’ येतो. तो सांगाड्याला जोडलेल्या स्नायूचा. पोटात ‘मुरडा’ येतो, येतो आणि जातो, कारण आतड्याचे अनैच्छिक स्नायू लाटांसारखे आकुंचन पावतात. पू धरलेला भाग ‘ठणकतो’. आणि ‘मुंग्या’, ‘झिणझिण्या’, ‘सणक’ हे शब्द बहुधा चेता ऊतीचे असतात. ज्या आज्यांनी कधी शाळेचे तोंड पाहिले नाही त्यांनी हा भेद पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. कन्नडमध्येही तो आहे. ‘उरि’ म्हणजे आग, ‘सेळेत’ म्हणजे पेटका, ‘जोमु’ म्हणजे मुंग्या येऊन बधिर होणे. इंग्रजीतही वेदनेसाठी शब्द आहेतच, पण घाईगर्दीत भरलेल्या कागदावर त्या सर्वांचे मिळून बहुतेक वेळा एकच होते: ‘पेन’.

त्या एका शब्दाची किंमत आम्ही एका रुग्णालयात पाहिली. खानापूर तालुक्यातील एक वृद्धा, मधुमेहाची जुनी रुग्ण, दाखल झाली होती. नोंदकागदावर लिहिले होते की पाय दुखतो. आमच्यातील एकीने सकाळी तिची विचारपूस केली.

‘‘आजी, पाय फार दुखतो का?’’

‘‘दुखत न्हाई गं पोरी. दुखला असता तर बरं झालं असतं. मुंग्या येत्यात, आणि चप्पल वाटेत निसटली तरी कळत न्हाई.’’

पायातून निसटलेली चप्पल न कळणे, हे वाक्य ज्याने चेता ऊतीचा धडा समजून वाचला आहे त्याला दचकवणारे आहे. आमच्या मैत्रिणीने तळवे पाहिले, तर दोन बोटांच्या बेचक्यात जखम होती आणि आजीला तिचा पत्ताही नव्हता. तिने लगेच वरिष्ठ सिस्टरना सांगितले; डॉक्टरांनी पायाची संवेदना तपासली; उपचारांची दिशा बदलली आणि जखम वेळेत भरून आली. ज्यांनी प्रथम नोंद केली त्यांना मराठी येत नव्हते आणि आजीला दुसरी भाषा येत नव्हती. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. दोन भाषांच्या मध्ये ‘मुंग्या’ हा शब्द गळून पडला, एवढेच. पण तो वेचून घेणारे कोणी तिथे नसते तर काय झाले असते, याचा विचार आम्हांला आजही अस्वस्थ करतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच कक्षात पलीकडच्या खाटेवरची ‘अज्जी’ कन्नडमध्ये ‘जोमु’ म्हणते, तेव्हा मराठी परिचारिकेला तो शब्द आलाच पाहिजे. आपल्या भाषेच्या हक्कासाठी भांडणाऱ्यांनी रुग्णाच्या भाषेचा हक्क विसरून चालणार नाही. सीमाप्रश्न १९५६ पासून न्यायालयात, विधिमंडळात आणि रस्त्यावर लढला जात आहे. रुग्णालयाच्या खाटेपाशी त्याचे रूप फार साधे होते: या माणसाचे म्हणणे कोणाला समजले का?

काही जण म्हणतील, वैद्यक आणि मराठी यांचा मेळ बसणारच नाही. इतिहास तसे सांगत नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ साली मराठी आणि गुजराती माध्यमाचे वैद्यकवर्ग सुरू झाले होते. हैदराबादला १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकशास्त्रही उर्दूतून शिकवले जात असे. आज ते सारे पुन्हा आणावे, असा आमचा आग्रह नाही. राज्यघटनेचे कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी मातृभाषेतील शिक्षणाची सोय सांगते, पण ते प्राथमिक टप्प्यापुरते. त्यापुढचा पूल आपणच बांधावयाचा आहे, आणि तो आमच्या मते एका वहीपासून सुरू होऊ शकतो.

आमच्या वहीत आता चार रकाने आहेत. पहिल्यात इंग्रजी परिभाषा, दुसऱ्यात मराठी शास्त्रीय शब्द, तिसऱ्यात कन्नड, आणि चौथ्यात रुग्णाच्या तोंडचा शब्द, तो ज्या गावी ऐकला त्या गावाच्या नावासह. चौथा रकाना सर्वांत हळू भरतो आणि तोच सर्वांत मोलाचा आहे, कारण तो कोणत्याही छापील पुस्तकात मिळत नाही. शालेय पुस्तक ‘ऊती’ म्हणते आणि मराठी विश्वकोश ‘ऊतक’. पारिभाषिक शब्दांचा हा वाद तज्ज्ञांनी अवश्य सोडवावा. पण मुंग्या, सणक, ठणका, पेटका, कळ हे शब्द गोळा करण्यासाठी तज्ज्ञांची वाट पाहण्याचे कारण नाही.

म्हणून गोवा, कारवार, बिदर, भालकी, हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा येथील आमच्या मराठी बांधवांना आणि विशेषतः परिचर्येच्या व्यवसायात असलेल्या भगिनींना विनंती आहे. आपल्या घरातील वृद्धांपाशी बसावे आणि त्यांना काय होते ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. लिहिताना तो शब्द प्रमाण मराठीत ‘दुरुस्त’ करू नये. जागा कोठे, वेदना कशी, येऊन जाते की ठाण मांडून बसते, एवढे शेजारी टिपावे. पुढच्या वर्षी मराठी शाळेतून आणखी काही मुली पांढरा गणवेश घालून शरीरशास्त्राच्या वर्गात बसतील. त्या आल्या की आमच्या वहीची प्रत आम्ही त्यांच्या हाती देणार आहोत. तिच्या चौथ्या रकान्यात आपल्या गावाचे शब्दही असावेत.