निळ्याला काठ नाही

नाताळच्या आठवड्यात चेन्नईच्या एलियट्स बीचवर संध्याकाळी बसायला वाळूत जागा शोधावी लागते. खोबरं, कैरी आणि उकडलेले वाटाणे घातलेलं सुंडल कागदाच्या पुडीत घ्यायचं आणि समुद्राकडे पाठ करून बसायचं, कारण या दिवसांत बघण्यासारखं सगळं किनाऱ्यावरच असतं. १९३० साली एका बुडणाऱ्याला वाचवताना जीव गमावलेल्या श्मिट नावाच्या डॅनिश खलाशाचं पांढरं स्मारक, आणि दूर दक्षिणेला वेलांकण्णी मातेचं पांढरंशुभ्र चर्च, अंगभर दिव्यांच्या माळा ल्यालेलं.

स्मारकाच्या पायरीपाशी एक मराठी आजोबा आणि त्यांची कॉलेजात जाणारी नात. नातीने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा घातला.

"आजोबा, पिवळे दिवे कसे टाचणीच्या डोक्याएवढे दिसतायत. निळेच तेवढे पिंजल्यासारखे का?"

"खारा वारा आहे, बाई. काचेवर बसतो."

खाऱ्या वाऱ्यावर ढकललं की समुद्राकाठी कुठल्याही तक्रारीचा निकाल लागतो, मग ती गंजलेल्या कडीची असो की चिकट केसांची. पण इथे तो निर्दोष आहे. हवेतल्या दमटपणाने दिवे पिंजले असते, तर शेजारचा पिवळाही पिंजला असता. माळ एक, भिंत एक, मधली हवा एक. घोटाळा हवेच्या अलीकडे आहे, डोळ्यात.

पाण्यातून किंवा काचेतून जाताना निळा किरण तांबड्यापेक्षा जास्त वाकतो. शाळेतल्या लोलकाने सगळ्यांना हे दाखवलेलं असतं. डोळ्याचं भिंगही त्याला अपवाद नाही. चांगल्या कॅमेऱ्यात ही रंगांची फाटाफूट सांधायला वेगवेगळ्या काचांची भिंगं एकमेकांना जोडतात. डोळ्यात तशी सोय नाही. पिवळा-हिरवा प्रकाश दृष्टिपटलावर नेमका जुळला, की निळा त्याच्या जरासा आधीच एकवटतो आणि पडद्यापर्यंत पोचेतो पुन्हा पसरतो. फरक साधारण पाऊण डायॉप्टरचा. म्हणजे ज्याला लांबचा चष्मा लागत नाही, असा धडधाकट माणूससुद्धा निळ्यापुरता पाऊण नंबरचा ऱ्हस्वदृष्टी असतो.

पाऊण नंबर हा आकडा चिल्लर वाटतो. पण अंधारात बाहुली पाचएक मिलिमीटर उघडली असेल, तर लांबचा निळा ठिपका ठिपका राहत नाही, त्याची चकती होते. आणि हिशेब मांडला तर ती चकती चंद्रबिंबाच्या निम्म्याला जरा कमी भरते. पन्नास निळे दिवे म्हणजे एकमेकांत मिसळलेली पन्नास छोटी चंद्रबिंबं. नातीला वाटलं त्यात गैर काहीच नव्हतं.

ही डोळ्याची खोड जुनी, आणि ठाऊक झालेलीही जुनीच. न्यूटनने अठराव्या शतकाच्या आरंभी 'ऑप्टिक्स'मध्ये बाहुली अर्धी झाकून केलेला प्रयोग नोंदला आहे. चष्म्याच्या दुकानदाराने तर तिला नोकरीलाच ठेवलं आहे. तपासणीच्या शेवटी तो अर्ध्या लाल, अर्ध्या हिरव्या पाटीवरची अक्षरं दाखवून विचारतो, "लाल ठळक की हिरवी?" लाल ठळक म्हणालात तर उणे नंबर अजून थोडा वाढवायचा, हिरवी ठळक म्हणालात तर जास्त झाला, कमी करायचा. रंगांच्या फाटाफुटीवरच तो नंबर पक्का करतो. पाटीवर निळा मात्र नाही. इतक्या दूर जाऊन पडणाऱ्याची साक्ष काढून काय उपयोग?

मग आजवर कोणाची तक्रार कशी नव्हती? कारण निळा दिवा असा नव्हताच. दिवाळीच्या जुन्या माळेत इवलेसे, तारेचे बल्ब असत, एक गेला की अख्खी माळ विझे आणि घरातला कर्ता पुरुष स्टुलावर चढून तास न् तास दोषी शोधे. त्यातला निळा बल्ब म्हणजे पिवळ्या तारेवर फासलेला निळा रंग. तापलेली तार निळा प्रकाश मुळात थोडा देते; त्यातला बराच रंगात अडके आणि सोबत इतर रंगांची भेसळ पाझरे. तो निळा मंद होता, अशुद्ध होता, म्हणून सुसह्य होता. लाल एलईडी १९६२ सालचा. चांगला उजळ निळा एलईडी जगापुढे यायला १९९३ उजाडलं. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना त्या कामासाठी २०१४ साली नोबेल मिळालं. तमिळ मुलखात जिला 'सीरियल सेट' म्हणतात, ती मंदिरांच्या उत्सवांतली आणि लग्नांतली रोषणाई त्यानंतर निळी होत गेली. भेसळ नसलेला, अणकुचीदार, टिंबाएवढा निळा माणसाच्या डोळ्यापुढे पहिल्यांदाच घाऊक आला.

तोवर निळं म्हणजे काय होतं? आभाळ. समुद्र. लांबचा डोंगर. मराठीत निळाई दाटते, पसरते. तिला टोक काढायची वेळ सहसा येत नाही. डोळ्याची रचनाही तशीच सैल. दृष्टिपटलातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींपैकी निळ्याच्या पेशी शंभरात पाच-सहाच्या आसपास, आणि जिथे नजर सर्वांत धारदार त्या ऐन मध्यबिंदूवर तर एकही नाही. शिवाय त्याच जागेवर पिवळसर रंगद्रव्याचा थर आहे, तो निळा शोषून घेतो. निळा कळायला हवा, पण त्याचा काठ मोजायची गरज नाही, अशा बेताने हे यंत्र चालतं. रात्री आणखी एक गंमत: अंधारात जाग्या होणाऱ्या दंडपेशींना लाल जवळजवळ दिसत नाही, निळसर मात्र चांगलं दिसतं, पण बारकावे त्यांना जमत नाहीत. म्हणून लांबचा निळा उजळही वाटतो आणि विसविशीतही.

याच किनाऱ्यावर १८ ऑगस्ट २०१९ च्या रात्री लाटाच निळ्या पेटल्या होत्या. नॉक्टिलुका नावाच्या सूक्ष्म जीवांचा तो प्रकाश. बघायला गर्दी लोटली. तो निळा अस्पष्ट दिसतो, अशी कुरकूर कोणी केली नाही. लाटेला कोण काठ मागतो? आणि मरीनासमोरच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले चंद्रशेखर वेंकट रामन १९२१ साली बोटीवरून भूमध्य समुद्राच्या निळ्याकडे बघत बसले, तेव्हा त्यांनाही काठ नको होता, त्या निळेपणाचं कारण हवं होतं. उतारवयात मात्र ते रंगांकडून डोळ्याकडे वळले आणि १९६८ साली दृष्टीच्या शरीरक्रियेवर त्यांनी ग्रंथच लिहिला.

आजोबांचा मोतीबिंदू काढून दोन वर्षं झालेली. मोतीबिंदूच्या बाबतीत हा मुलूख दोन्ही अंगांनी श्रीमंत आहे. एग्मोरचं सरकारी नेत्ररुग्णालय १८१९ सालापासूनचं; आणि त्याच काळात तंजावरात सरफोजीराजे भोसले आपल्या दरबारी वैद्यांकडून डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवत, दुखऱ्या डोळ्यांची चित्रंही काढून घेत. त्या नोंदी तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. एका मराठी राजाने ताडपत्रं आणि तलवारींच्या जोडीला मोतीबिंदूचं दप्तर सांभाळावं, हे त्याच्या लढाया न झाल्याच्या दुःखावरचं चांगलं औषध म्हणायला हवं.

पिकलेल्या भिंगाचा पिवळेपणा गेल्यापासून आजोबांना निळं जरा जास्तच निळं दिसतं. आणि नवं भिंग एकाच अंतराला जुळवलेलं, तरुण डोळ्यासारखं फुगत-चपटत नाही. नातीच्या पिशवीत तिचा शाळेतला पहिला चष्मा होता, उणे पाऊण नंबरचा. सध्याचा वाळूत पडला तर असावा म्हणून बाळगलेला.

"आजोबा, हा लावून बघा तरी."

आजोबांनी लावला, आणि गप्प झाले. चर्चवरचे निळे दिवे एकेक करून सुटे झाले होते, सुई टोचल्यासारखे. मात्र पिवळे आणि लाल पिंजले होते.

"हे तर पारडंच फिरलं," ते म्हणाले. "तुला दिसतात का सगळे?"

तिचं भिंग अजून लवचिक. जवळचं असेल तर ते निळ्यासाठी चपटतं, पिवळ्यासाठी फुगतं. लांबच्या निळ्यासाठी मात्र त्याला अजून चपटं व्हायला जागाच उरलेली नसते. आधीच पूर्ण चपटं आहे ते. तिची सगळी अडचण तेवढीच.

परतताना सुंडलच्या गाडीला गुंडाळलेली निळी माळ लागली. आजोबा चष्म्याशिवाय लांबून चालत आले. दहा पावलांवर धुकं. पाच पावलांवर धुकं. मग दीडेक मीटरवर एकदम प्रत्येक दिव्याला काठ आला, मण्यासारखा, आणि मागच्या पाटीवरची तमिळ अक्षरं विरघळली. ते एक पाऊल मागे सरले. माळ पुन्हा फुटली. पुढे आले. जुळली. गाडीवाला पुडी पुढे धरून थांबला होता, आणि गिऱ्हाईक मागे-पुढे का करतंय ते त्याला कळेना.