ळ्ळ ची जागा

आमच्या येळ्ळूरचं नाव मी पहिल्यांदा छापून घेतलं, ते बिघडून आलं. गोष्ट १९९२ सालची. कोल्हापुरात कमर्शियल आर्टचा डिप्लोमा करून बेळगावातल्या एका छापखान्यात नुकता चिकटलो होतो. गावच्याच एका व्यापाऱ्याच्या बासमतीच्या पोत्याचं काम आलं. मागं राजहंसगड, पुढं भाताची लोंबी, खाली ठसठशीत ‘येळ्ळूर’. चित्र फ्रेम करून लावावं असं झालं होतं. आप्पांनी सगळ्या गल्लीला दाखवलं.

पोती छापून आली. गावाच्या नावाच्या जागी निळा डाग! आप्पांनी चष्मा पुसला, पोतं उजेडात धरलं आणि म्हणाले, “ह्यात आपलं गाव कुठं हाय?”

विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यावर रबरी ब्लॉकनं छपाई होते. दाबाखाली शाई पसरते आणि विणीच्या खाचांत बारीक रेघ तुटते. एकाखाली एक दोन ळ, त्याखाली दीर्घ ऊकार. त्यातल्या सगळ्या पोकळ्या शाईनं भरून गेल्या होत्या. हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

सांगितलं ते मशीनवरच्या कन्नड मामांनी. “जागा बिडप्पा,” म्हणाले, आणि आठ दिवस मला मशीनशेजारी उभं केलं. शाई किती पातळ, दाब किती, चार रंग एकमेकांवर नेमके बसले नाहीत तर पांढरी फट कुठं दिसते, हे मी हात काळे करून शिकलो. बरोबरीचे मित्र पुण्या-मुंबईच्या जाहिरात कंपन्यांत गेले. मी प्रॉडक्शनलाच राहिलो. सुरुवातीला याची लाज वाटायची. लग्नाच्या बोलणीत मुलगा ‘आर्टिस्ट’ आहे असं घरचे सांगत, आणि मी नखं लपवत असे.

पुढं निपाणीच्या विड्यांच्या कट्ट्यांची लेबलं केली. तळहाताहून लहान कागदावर छाप, मालकाचं नाव, सोनेरी किनार, आणि वर मराठी व कन्नड शेजारी शेजारी. या जोडीनं माझा फार घाम काढला. देवनागरी शिरोरेषेला लोंबते, तिला वर मात्रेपुरती जागा लागते. कन्नडची ओत्तक्षरं ओळीखाली उतरतात. दोन्हींना एकाच मापात कोंबलं की एकीचं डोकं उडतं, नाहीतर दुसरीचे पाय. मग ३१ मे २००९ पासून दर्शनी भागाच्या ४० टक्के जागेवर चित्ररूप इशारा आला, आणि १ एप्रिल २०१६ पासून दोन्ही बाजूंना ८५ टक्के. माझ्या सोनेरी किनारी गेल्या. वाईट वाटलं, पण विड्या वळणाऱ्या बायकांचा खोकला मी निपाणीत ऐकलेला होता, म्हणून तक्रार केली नाही.

१ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव ‘बेळगावी’ झालं, तेव्हा पत्त्यांच्या कितीतरी प्लेटा मी पुन्हा केल्या. त्याच वर्षी जुलैत आमच्या वेशीवरचा फलक काढला गेला. अक्षरांपायी येळ्ळूरनं काय सोसलं, ते आपण जाणताच.

गेल्या वर्षी त्या व्यापाऱ्याचा मुलगा आला. मोबाईलवर तयार डिझाईन, झकास फोटो, आणि ‘येळ्ळूर’ तसंच गच्च. आता छपाई पुष्कळ सुधारली आहे, तरी पोत्याची वीण तीच. मी रात्री बसून अक्षर हातानं काढलं. पहिल्या ळ चा पाय मोडून दोघांना शेजारी बसवलं, पोटं मोकळी केली, ऊकार जरा खाली ओढला. आमच्या निवृत्त गुरुजींना पाय मोडलेला ळ आवडला नाही. जोडाक्षर जोडूनच लिहावं, म्हणाले. त्यांचंही खोटं नाही.

पोतं छापून आल्यावर घरी नेलं. आप्पा आता पंच्याऐंशीच्या पुढं आहेत, दिसतं कमी. त्यांनी पोतं ओसरीवर पसरायला लावलं, नावावरून अंगठा फिरवला, एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं.

“ऊकार जरा लांबलाय,” म्हणाले.