रेघा सरळ करताना

डेंट काढताना मी डेंटकडे बघतच नाही. बघतो ते त्यावर पडलेल्या प्रतिबिंबाकडे. गाडीच्या दारासमोर पट्ट्यांचा एलईडी दिवा लावला की रंगावर समांतर रेघा उमटतात. पत्रा दबलाय तिथे त्या वाकतात, एकमेकींना चिकटतात. त्या सरळ करायच्या, बस्स.

काच खाली घेऊन फटीतून सळई आत सरकवायची. तिचं टोक दिसत नाही. हलकेच दाबलं की बाहेर रेघेत बारीक टिंब उठतं, त्यावरून टोकाचा पत्ता लागतो. ते टिंब हवं तिथे आणायला शिकण्यातच वर्षं जातात. नवशिका पोरगा थेट मधल्या खोल जागी जोर लावतो. मग मध्ये फोड येतो आणि भोवतीचा खळगा तसाच राहतो. आम्ही कडेकडून गोल फिरत आत येतो, एकेक दाब तांदळाच्या दाण्याएवढा. शिवाय डेंटच्या काठाला पत्रा थोडा वर उचललेला असतो, खरा ताण तिथेच अडकलेला. नायलॉनची ठोकणी धरून तो काठ हातोडीने हळूहळू बसवला की खड्डा निम्मा आपसूक वर येतो.

एवढा खटाटोप कंपनीचा रंग वाचवण्यासाठी. पत्रा जेमतेम ०.७ मिलिमीटरचा, त्यावर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. कारखान्यात नुसती बॉडी भट्टीत भाजतात. वायरिंग, प्लास्टिक बसवलेली गाडी गॅरेजवाला तेवढी तापवणार कशी? पुट्टी भरलेल्या दारावर जुन्या गाड्यांचा दलाल रंगाची जाडी मोजणारा मीटर टेकवतो, आकडा बघतो आणि किंमत पाडतो. रंगालाच तडा गेला असेल तर मात्र मी हात जोडतो, सरळ पेंटरकडे पाठवतो. थंडीतल्या सकाळी आधी हीटगन फिरवायची, कारण गार रंग तडकतो. ॲल्युमिनियमच्या बोनेटला ऊब जास्त लागते आणि माझा भावही जास्त लागतो.

हल्ली लोक गरम पाणी आणि संडासाचा पंप घेऊन घरीच सुरू होतात. प्लास्टिकच्या बंपरवर जमतंही कधी कधी, प्लास्टिक उबेने नरमतं म्हणून. पोलादी दारावर मात्र पंप मधला भाग ओढतो आणि काठ तसाच ठेवतो. वर विचारतात, "आता थोडंच राहिलंय, कमी घ्याल ना?" राहिलेलं तेच तर अवघड असतं. मी कमी घेत नाही.