बोंबलाला बदक कुणी केलं?

लंडनला भाच्याकडे गेलो, तेव्हा तो हौसेने एका देशी हॉटेलात घेऊन गेला. बरोबर त्याचा एक इंग्रज मित्र. त्याचे कुणी पूर्वज कंपनी सरकारच्या मुंबईच्या फौजेत होते, म्हणून त्याला मुंबईचं भारी कौतुक. मेनूत ‘बॉम्बे डक’ होतं. ताटलीत आले कडक तळलेले सुके बोंबील. मित्राने एक चुरून करीवर भुरभुरला आणि माहिती पुरवली : सुके बोंबील मुंबईहून डाकगाडीने जायचे, डब्यांना वास मारायचा, त्या ‘बॉम्बे डाक’चं पुढे ‘डक’ झालं.

“मामा, खरं का हे?” भाच्याने विचारलं.

ही गोष्ट मला मुंबईतही अनेकांनी छातीठोकपणे सांगितली आहे. माझं लहानपण अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गेलं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी सुकवायला वलांडीच्या दोरीवर टाकायची, हे तिथे पोरंटोरंही करतात. ओला बोंबील म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. उन्हावाऱ्याने तो काटकीसारखा होतो. वासाबद्दल माझी तक्रार नाही, तक्रार आहे ती तारखेची.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ रोजी. आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, त्याने १८०३ मध्येच मुंबईच्या फौजेतल्या लोकांना ‘डक्स’ म्हटलेलं आहे. म्हणजे आगगाडीच्या पन्नास वर्षं आधी! हा दाखला ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात आहे. बंगालचे गोरे ‘क्वी-हाय’, मद्रासचे ‘मल्स’ आणि मुंबईचे ‘डक्स’, अशी तेव्हाची टोपणनावं. यूल आणि बर्नेल या कोशकारांच्या मते, साहेबांना हे नाव पडलं ते माशावरून. त्याच माशाला इंग्रज ‘बमेलो’ही म्हणत, तो सरळ आपला बोंबील.

हॉटेलमालक मध्येच म्हणाला, १९९७ मध्ये युरोपीय संघाने याची आयात बंद केली, तेव्हा गिऱ्हाइकं हळहळली होती. उघड्यावर वाळवलेला मासा त्यांच्या नियमात बसेना. पुढे मान्यताप्राप्त ठिकाणी पॅक करण्याच्या अटीवर तो परत आला.

मित्र मात्र अजून ‘डक्स’वरच अडला होता.

“थांबा, म्हणजे आमचे पूर्वज बोंबील?”

“कोश तरी तसंच म्हणतो,” मी म्हटलं.

डाकगाडीपेक्षा ही गोष्ट त्याला जास्त आवडली. त्याने तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला.