एकाच कार्डावरच्या चादरी

बाबांच्या मानेवर सुपारीएवढी गाठ आली, तेव्हा मी पुण्यात आयटीत होतो. २०१८ची गोष्ट. मानेत गाठ म्हणजे टीबीच, असं धरून सोलापुरात औषधं सुरू झाली. तीन महिने गोळ्या घेतल्या, गाठ हलेना. शेवटी ती काढून तपासली. रिपोर्ट होता : ‘इन्फेक्शनची सूज किंवा लिम्फोमा.’ त्या एका ‘किंवा’नं घरादाराची झोप उडवली.

‘मॉलिक्युलर टेस्ट करा,’ डॉक्टर म्हणाले. मेणात बसवलेला गाठीचा तुकडा घेऊन मी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली आणि परळला टाटा हॉस्पिटल गाठलं. वितळेल या भीतीनं तो रुमालात गुंडाळला होता. हसू नका, सोलापूरचा मे महिना होता!

टेस्टमध्ये बघतात काय? आपली प्रत्येक बी-पेशी अँटीबॉडीच्या जनुकाचे तुकडे आपापल्या पद्धतीनं जोडते. इन्फेक्शनमध्ये अनेक पेशी वाढतात, म्हणून जोडण्याही अनेक दिसतात. लिम्फोमा म्हणजे एकाच पेशीची पिलावळ, सगळ्यांची जोडणी सारखी. कॅरी म्युलिसनं १९८३मध्ये शोधलेल्या पीसीआरनं जनुकाच्या त्या भागाच्या असंख्य प्रती काढून हे ताडून बघता येतं.

बाबांचं आयुष्य जॅकार्ड मागावर गेलेलं. ते म्हणाले, ‘म्हणजे सगळ्या चादरी एकाच कार्डावर विणल्यात का, तेच बघायचं ना?’ माझं लेक्चर तिथंच संपलं.

पण पहिल्या तुकड्यातून काहीच निघालं नाही. गाठ कित्येक दिवस साध्या फॉर्मॅलिनमध्ये पडून होती, डीएनएचा पार भुगा झाला होता. बाबांच्या मानेला पुन्हा ब्लेड. या वेळी बाटलीत बफर घातलेलं फॉर्मॅलिन आहे ना, हे मी आधी विचारलं.

उत्तर आलं : जोडणी एकच. शिवाय क्रोमोसोम १४ आणि १८ यांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली. त्यामुळे बीसीएल-२ जनुक जोरात चालतं आणि पेशी वेळेवर मरत नाही. मायक्रोस्कोपखालचं चित्र त्याच्याशी जुळलं. फॉलिक्युलर लिम्फोमा. हळू वाढणारा. बाकी तपासण्या बघून डॉक्टर म्हणाले, ‘लगेच केमो नको, लक्ष ठेवू.’

टीबीच्या गोळ्या बंद झाल्या. आई रडली, मग तिनं चहा टाकला.

तुमच्या घरी कधी गाठ काढायची वेळ आलीच, तर सर्जनच्या फीबरोबर बाटलीचीही चौकशी करा. आमच्या बाबांना त्यापायी दोनदा टाके पडले.